इम्पोर्ट केलेल्या ड्रॉइंगचे स्केल नेमके कसे बसवावे

इमारतीचा प्लॅन ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केला, ९०० मिमीचा दरवाजा मोजला आणि आकडा आला २२,८६०. अशा वेळी नवखे लोक स्केल कमांड घेतात आणि प्लॅन नजरेला बरा वाटेपर्यंत लहान-मोठा करत बसतात. दरवाजा ८९६ वर येतो, ‘चालेल’ म्हणून काम सुरू होते, आणि पंधरा मीटरच्या भिंतीत ६७ मिमीची चूक मुरते. मुळात चूक कुठे आहे याचा पत्ता २२,८६० या आकड्यातच होता. त्याला ९०० ने भागले की बरोबर २५.४ उरतात, म्हणजे एका इंचातले मिलिमीटर. फाइल मिलिमीटरमध्ये होती आणि सॉफ्टवेअरने ती इंचात वाचली, एवढाच घोटाळा. तो दुरुस्त करायला अंदाज लागत नाही, एक भागाकार पुरतो.

हा लेख त्या भागाकाराभोवतीच आहे. ऑटोकॅड, रेव्हिट आणि स्केचअप या तीन सॉफ्टवेअरची नावे येतील, पण बाकीच्यांतही तर्क तोच, फक्त बटणांच्या जागा निराळ्या.

फाइलीत खरे तर काय साठवलेले असते

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलीतली रेष म्हणजे दोन टोकांचे कोऑर्डिनेट, बस. रेषेची लांबी ९०० असेल तर ती ९०० ‘युनिट’ असते. ते मिलिमीटर की इंच, हे रेषेला ठाऊक नसते. त्यासाठी फाइलीत एक वेगळी नोंद असते, तिचे नाव इन्सयुनिट्स. तिची किंमत १ असेल तर इंच, २ म्हणजे फूट, ४ म्हणजे मिलिमीटर, ५ म्हणजे सेंटीमीटर, ६ म्हणजे मीटर. ० असेल तर युनिट ठरवलेलेच नाही. इम्पोर्ट करणारे सॉफ्टवेअर ही नोंद वाचते आणि तिच्यावर विश्वास ठेवते. मीटरमध्ये काढलेल्या प्लॅनवर कुणी चुकून इंचाचा शिक्का ठेवला असेल, तर तुमच्याकडे चूक येणारच. आर१२ प्रकारच्या जुन्या डीएक्सएफ (ड्रॉइंगची देवाणघेवाण करायच्या) फाइलीत तर ही नोंदच नसते, त्यामुळे तिथे युनिट तुम्हालाच सांगावे लागते.

दुसरी गल्लत छापील स्केलची. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, इमारत खऱ्या मापाने काढायची असते; १:१०० हे प्रमाण लेआउटमध्ये (छपाईच्या पानाच्या मांडणीत) किंवा छपाईच्या वेळी येते. म्हणून टायटल ब्लॉकवर (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीत) १:१०० लिहिले आहे, या कारणासाठी डीडब्ल्यूजी इम्पोर्ट करताना १०० ने गुणू नका. तसेच रेव्हिटमध्ये व्ह्यूचे स्केल १:१०० वरून १:५० केल्याने इम्पोर्ट झालेल्या प्लॅनचे माप बदलत नाही. बदलते ते फक्त अक्षरे आणि रेषांची जाडी प्लॅनच्या तुलनेत किती मोठी दिसते ते.

इम्पोर्टच्या आधी

घाई असली तरी ही पाच मिनिटे वाचवू नका.

१. मूळ फाइलीची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. मूळ फाइल पुन्हा लागतेच.

२. खात्रीचे एक माप शोधा. कॉलमच्या ग्रिडलाइनमधले (खांबांच्या मध्यरेषांमधले) अंतर सर्वांत चांगले, कारण ते लांब असते आणि त्यावर सहसा माप लिहिलेले असते. नसेल तर इमारतीची बाहेरची एकूण लांबी. दरवाजा किंवा भिंतीची जाडी फक्त युनिट ओळखायला उपयोगी, स्केल बसवायला नाही. कारण पुढे स्कॅनच्या भागात येईल.

३. फाइल उघडून ते माप ‘डीआय’ या अंतर मोजायच्या कमांडने मोजा. डायमेन्शनवर, म्हणजे ड्रॉइंगमधल्या मापाच्या खुणेवर, लिहिलेला आकडा वाचून थांबू नका. डायमेन्शनचा मजकूर हाताने बदलता येतो, आणि डिमएलफॅक नावाची सेटिंग दाखवलेल्या प्रत्येक मापाला गुपचूप एका संख्येने गुणू शकते. रेष ६० युनिटची आणि डायमेन्शन ६००० दाखवते आहे, असे दिसले तर कुणीतरी ड्रॉइंग लहान काढून डिमएलफॅक १०० ठेवला आहे. इम्पोर्टमध्ये रेष येते ती ६० चीच.

४. ‘युनिट्स’ कमांड देऊन इन्सर्शन स्केलच्या चौकटीत कोणते युनिट आहे ते पाहा. मोजलेला आकडा आणि ते युनिट एकमेकांशी जुळतात का? ग्रिड ६००० मोजले आणि चौकटीत मिलिमीटर, तर ठीक. ग्रिड ६ मोजले आणि चौकटीत इंच, तर गडबड सापडली.

५. झूम एक्स्टेंट्स करा, म्हणजे फाइलीतले सगळे एकदम पडद्यावर आणा. इमारत कोपऱ्यातला ठिपका होऊन बसली, तर दूर कुठेतरी विसरलेली रेष, अक्षर किंवा ब्लॉक (एकत्र बांधलेला तयार वस्तूंचा गट) पडला आहे. तो पुसा, मग पर्ज (न वापरलेले काढणारी) आणि ऑडिट (चुका शोधणारी) या कमांड चालवा. हे स्केलचे काम वाटत नाही, पण अशी भरकटलेली वस्तू इम्पोर्टच्या वेळी केंद्र हलवते आणि मग प्लॅन आलाच नाही असे वाटते.

एकाच मॉडेल स्पेसमध्ये (जिथे खऱ्या मापाने काढतात तिथे) प्लॅन खऱ्या मापाने आणि शेजारचे डिटेल पाचपट मोठे काढलेले, हा प्रकार जुन्या फाइलींत फार. डिटेल वेगळ्या फाइलीत काढा. एका गुणकाने दोन्ही कधीच बरोबर बसणार नाहीत.

गुणोत्तर काय सांगते

आता मुख्य काम. इम्पोर्ट झाल्यावर तेच खात्रीचे माप नव्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा आणि मोजलेल्या मापाला खऱ्या मापाने भागा. दोन्ही मापे एकाच युनिटमध्ये आणून घ्या. उत्तर बहुतेक वेळा खालीलपैकी एखादे येते:

- २५.४ : मिलिमीटरची फाइल इंच म्हणून वाचली. उलट झाले तर ०.०३९४.
- १००० : मिलिमीटरची फाइल मीटर म्हणून वाचली. उलट ०.००१.
- १० : मिलिमीटरची फाइल सेंटीमीटर म्हणून वाचली. उलट ०.१.
- ३०४.८ : मिलिमीटरची फाइल फूट म्हणून वाचली. उलट ०.००३२८.
- १२ : इंचाची फाइल फूट म्हणून वाचली. उलट ०.०८३३.
- ३.२८ : फुटांची फाइल मीटर म्हणून वाचली. उलट ०.३०४८.
- ३९.३७ : इंचाची फाइल मीटर म्हणून वाचली. उलट ०.०२५४.
- २.५४ : सेंटीमीटरची फाइल इंच म्हणून वाचली. उलट ०.३९४.

०.०१, ०.०२ किंवा ०.००५ आले तर युनिटची चूक नसून कुणीतरी प्लॅन कागदाच्या मापाने, म्हणजे १:१००, १:५० किंवा १:२०० मध्ये काढला असण्याची शक्यता जास्त. १/४८ आणि १/९६ हे त्याचेच फूट-इंचातले भाऊ: पाव इंचाला एक फूट आणि अष्टमांश इंचाला एक फूट. ०.०१ बाबत थोडे सावध राहा, कारण मीटरची फाइल सेंटीमीटर म्हणून वाचली तरी तेच येते. मग टायटल ब्लॉकची चौकट मोजा. ती ८४१ बाय ५९४ भरली तर फाइल कागदाच्या मापात आहे.

आणि ०.९७ किंवा १.०६ असे काहीतरी अधलेमधले आले, तर तो युनिटचा प्रश्न नव्हेच. ती फाइल कधीतरी छापून, स्कॅन होऊन किंवा पीडीएफमधून फिरून आली आहे, किंवा तुमचे ‘खात्रीचे’ माप खात्रीचे नाही. अशा वेळी दुसरे एखादे माप तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुरुस्तीचा गुणक या गुणोत्तराचा व्यस्त असतो: खरे माप भागिले मोजलेले माप. नेमके उलटे गुणले तर चूक वर्गाच्या पटीत वाढते, २५.४ ऐवजी ६४५ पट. प्लॅन पडद्यावरून गायब झाला तर आधी हे तपासा.

ऑटोकॅडमध्ये फाइलच दुरुस्त करणे

नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथला. ‘युनिट्स’च्या चौकटीत इंच काढून मिलिमीटर निवडले, की रेषा लांब होत नाहीत. फक्त शिक्का बदलतो. म्हणून आधी स्वतःला विचारा: आकडे बरोबर आहेत आणि शिक्का चुकला आहे, की शिक्का बरोबर आणि आकडे दुसऱ्या युनिटमध्ये हवे आहेत?

पहिल्या प्रकारात, म्हणजे ग्रिड ६००० आहे पण शिक्का इंचाचा, तर शिक्का मिलिमीटरचा करा, फाइल सेव्ह करा आणि पुन्हा इम्पोर्ट करा. गुणाकार अजिबात नाही. दोन्ही केले, म्हणजे शिक्काही बदलला आणि रेषाही २५.४ ने भागल्या, तर चूक उलट्या बाजूने परत येते. हा दुहेरी उपचार फार वेळा होतो.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे इंचाची फाइल मिलिमीटरमध्ये हवी असेल, तर सुरक्षित रस्ता असा. जुन्या फाइलीचा शिक्का खरा, म्हणजे इंचाचा करून ती सेव्ह करून बंद करा. नवी कोरी फाइल मिलिमीटरच्या टेम्प्लेटवर उघडा आणि तिचा शिक्का मिलिमीटर असल्याची खात्री करा. मग इन्सर्ट कमांडने जुनी फाइल ०,० वर, स्केल १ ठेवून आणा. दोन्ही शिक्के वाचून ऑटोकॅड स्वतः २५.४ ने गुणते. हवे तर नंतर एक्स्प्लोड करा, म्हणजे गट फोडून सुट्या रेषा करा.

थेट स्केल कमांडच वापरायची असेल तर:

१. सगळे लेयर (ड्रॉइंगचे थर) थॉ करा म्हणजे गोठवलेले उघडा, ऑन करा, अनलॉक करा. हे विसरले तर फ्रीझ किंवा लॉक लेयरवरच्या वस्तू निवडल्याच जात नाहीत, भिंती २५.४ पट होतात आणि फर्निचर जुन्याच मापात कोपऱ्यात राहते. दोन दिवसांनी कुणी तो लेयर उघडतो तेव्हा कळते.

२. ‘एससी’ टाइप करा, ‘ऑल’ने सर्व निवडा.

३. बेस पॉइंट म्हणून ०,० द्या. प्लॅनचा कोपरा निवडू नका, विशेषतः सर्व्हेच्या ड्रॉइंगमध्ये. ०,० वरून गुणले तरच प्रत्येक कोऑर्डिनेट त्याच प्रमाणात बदलतो आणि दुसरी फाइल त्याच गुणकाने आणली तर दोन्ही एकावर एक बसतात.

४. गुणक माहीत असेल तर तो टाइप करा: इंचावरून मिलिमीटरसाठी २५.४, फुटांवरून ३०४.८, मीटरवरून १०००. गुणक माहीत नसेल तर ‘आर’ म्हणजे रेफरन्स, मग ग्रिडची दोन टोके ओस्नॅप (नेमके टोक पकडणारी सोय) लावून निवडा आणि खरे माप टाइप करा.

स्केलनंतर डॅश रेषा सलग दिसू लागतात, डायमेन्शनचे आकडे ठिपक्याएवढे होतात. भूमिती बिघडलेली नसते. एलटीस्केल (तुटक रेषांचे स्केल) आणि डिमस्केल (डायमेन्शनचे स्केल) अजून जुन्या मापात आहेत, त्यांनाही त्याच गुणकाने बदला. हॅचचे (भिंती वगैरे भरणाऱ्या रेघांचे) स्केल वेगळे तपासा.

ब्लॉकची गोष्ट वेगळी. प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा युनिट-शिक्का असतो. प्लॅन बरोबर असून फक्त खुर्च्या हत्तीएवढ्या आल्या, तर दोष ब्लॉकच्या शिक्क्याचा. पूर्ण ड्रॉइंगला हात लावू नका.

रेव्हिट

रेव्हिट आतून सगळी लांबी दशांश फुटांत ठेवते, पण तुम्हाला त्याची झळ लागत नाही. महत्त्वाचे काय, तर लिंक कॅड किंवा इम्पोर्ट कॅडच्या खिडकीतली ‘इम्पोर्ट युनिट्स’ची चौकट. तिथे मुळात ऑटो-डिटेक्ट असते, म्हणजे फाइलीच्या शिक्क्यावर भरवसा. आधी मोजणी केली असेल तर खरे युनिट तिथे हातानेच निवडा. ऑटो-डिटेक्ट सोयीचा आहे, पण शून्य शिक्क्याच्या फाइलीवर तो अंदाजच करणार.

चुकीचे आलेच तर पुसून पुन्हा आणायची गरज नाही. आलेली वस्तू निवडा, एडिट टाइप उघडा. तिथे इम्पोर्ट युनिट्स आणि स्केल फॅक्टर दोन्ही दिसतात. युनिट बदला. लक्षात ठेवा, हा टाइपचा गुण आहे: त्याच फाइलीच्या सर्व प्रती एकदम बदलतात, आणि बहुधा तेच हवे असते.

लिंक की इम्पोर्ट? जवळजवळ नेहमी लिंक. मूळ फाइल बदलली की रीलोड करता येते, प्रोजेक्ट जड होत नाही, आणि लेयर, पॅटर्न यांचा कचरा आत शिरत नाही. इम्पोर्ट केलेल्या ड्रॉइंगला एक्स्प्लोड करणे तर टाळाच. रेव्हिटला सुमारे ०.८ मिमीपेक्षा छोटी रेष ठेवता येत नाही, त्यामुळे एक्स्प्लोड करताना बारीक तुकडे गळतात आणि कोपरे उघडे पडतात. फाइल चुकून हजारपट लहान आली असताना एक्स्प्लोड केले, तर अर्धा प्लॅन नाहीसा होतो.

ड्रॉइंग फक्त खाली ठेवून त्यावरून काढायचे असेल तर ‘करंट व्ह्यू ओन्ली’ निवडा. थ्रीडी व्ह्यू स्वच्छ राहतो. स्केल आणि जागा बरोबर झाली की पिन करा, म्हणजे ते हलणार नाही.

स्केचअप

इम्पोर्टच्या खिडकीत फाइल निवडून लगेच इम्पोर्ट दाबू नका. तिथे ऑप्शन्सचे बटण असते, त्यात युनिट्स निवडायचे असतात. मागच्या वेळी निवडलेले युनिट तिथे तसेच राहिलेले असू शकते, म्हणून दर वेळी पाहा.

लहान आले तर मोठे करू, असा विचार इथे महाग पडतो. स्केचअप एका इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा जवळचे बिंदू एकच समजते. मीटरची फाइल मिलिमीटर म्हणून आणली, तर खिडकीच्या चौकटीतल्या समांतर रेषा एकमेकींत मिसळतात, कमानी कोनात मोडतात, आणि नंतर हजारपट मोठे करूनही त्या परत येत नाहीत. म्हणून लहान आलेले काढून टाका आणि योग्य युनिटने नव्याने आणा. शंका असेल तर मोठ्या युनिटच्या बाजूने चुका. मोठे आलेले लहान करताना एवढे नुकसान होत नाही.

नेमके माप टेप मेजरने बसवतात. आलेला प्लॅन ग्रुप करा, त्यात डबल क्लिक करून आत जा, टेप मेजरने ग्रिडची दोन टोके क्लिक करा, खरे माप युनिटसह टाइप करून एंटर दाबा. आकार बदलायचा का असे विचारल्यावर हो म्हणा. ग्रुपच्या आत असताना केले तर फक्त तो ग्रुप बदलतो. बाहेर राहून केले तर पूर्ण मॉडेल ताणले जाते, आधी बरोबर काढलेल्या भिंतीसुद्धा.

पीडीएफ

आधी पीडीएफचा प्रकार ओळखा. खूप झूम केल्यावर रेष धारदार राहिली तर व्हेक्टर, चौकोनी ठिपके दिसले तर स्कॅन.

व्हेक्टर पीडीएफमध्ये आकडे कागदाच्या मापात असतात; आतले मूळ एकक इंचाचा ७२ वा भाग. म्हणून इथे छापील स्केलला अर्थ येतो, पण कागद मूळ आकाराचाच असेल तर. पीडीएफच्या प्रॉपर्टीमध्ये पानाचा आकार बघा. टायटल ब्लॉकवर ‘ए१ वर १:१००’ लिहिले आहे आणि पान ८४१ बाय ५९४ मिमी आहे, तर प्रमाण खरे. पान ४२० बाय २९७ असेल तर ते ए३ आहे, लांबी बरोबर अर्धी झाली, आणि ड्रॉइंग आता १:२०० चे आहे. ए१ चे ए४ केले तर १:२८३ असा विचित्र आकडा येतो. ‘पानात बसवा’ ही प्रिंटरची सेटिंग चालू राहिली असेल तर त्यात आणखी काही टक्क्यांची घट होते, आणि ती पानाच्या आकारावरून ओळखू येत नाही. म्हणून हिशेबाने स्केल काढले तरी ग्रिड मोजून पडताळा.

हिशेब सोपा: पीडीएफ इंचात आली असेल आणि मिलिमीटर हवे असतील, तर १:१०० साठी गुणक २५.४ गुणिले १००, म्हणजे २५४०. मिलिमीटरमध्ये आली असेल तर सरळ १००.

ऑटोकॅडची पीडीएफइम्पोर्ट कमांड व्हेक्टर पीडीएफच्या रेषा करते. रेव्हिटमध्ये २०२० पासून पीडीएफ थेट ठेवता येते, व्हेक्टर असेल तर ती निवडून स्नॅप चालू करता येतात, आणि मॉडिफायमधल्या स्केल टूलने तीन क्लिकमध्ये माप बसवता येते: स्थिर बिंदू, सध्याच्या लांबीचे टोक, हव्या लांबीचे टोक. त्यासाठी आधी खऱ्या लांबीची एक डिटेल लाइन शेजारी काढून ठेवा.

स्केल बसवल्यावर ६००० चे ग्रिड ५९९८ किंवा ६००३ भरले तर घाबरू नका. पीडीएफ बनताना कोऑर्डिनेट ठरावीक बारकाईपर्यंतच गोल केले जातात. ६०० डीपीआयची (इंचाला ६०० ठिपके) पीडीएफ असेल तर कागदावरची एक पायरी ०.०४२ मिमी, १:१०० मध्ये ४.२ मिमी. इथे ड्रॉइंग आणखी ताणून काही हाती लागत नाही. भिंती लिहिलेल्या मापाने काढा.

एका पानावर १:१०० चा प्लॅन आणि १:२० चे डिटेल असेल तर पान दोनदा आणा, प्रत्येक वेळी नको तो भाग क्लिप करा आणि वेगळा गुणक द्या.

स्कॅन आणि फोटो

खरी कसोटी इथे लागते, कारण स्कॅनमध्ये स्नॅप नसतो. टोक तुम्ही डोळ्याने निवडता.

३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल कागदावर ०.०८४७ मिमी असतो. १:१०० च्या प्लॅनवर तो जमिनीवरचे साडेआठ मिलिमीटर झाला. दोन्ही टोकांना एकेक पिक्सेल इकडेतिकडे, म्हणजे १७ मिमी, आणि एवढी चूक सराईताच्या हातूनही होते. आता ९०० मिमीच्या दरवाजावरून स्केल बसवले, तर १७ मिमी म्हणजे १.९ टक्के, ३० मीटरच्या इमारतीत ती चूक ५६७ मिमी होते. तीच १७ मिमीची चूक २४ मीटरच्या ग्रिडवर केली, तर ३० मीटरला २१ मिमी. हात तोच, माऊस तोच. म्हणूनच सर्वांत लांब माप घ्यायचे.

जाड रेषेच्या कुठल्या बाजूला क्लिक करायचे हेही ठरवा. ०.३५ मिमीची छापील रेष १:१०० मध्ये ३५ मिमी जाड पडते. पहिल्या टोकाला डावी कड घेतली तर दुसऱ्या टोकालाही डावीच घ्या.

ऑटोकॅडमध्ये स्कॅन बसवायला अलाइन कमांड उत्तम, कारण ती फिरवणे, हलवणे आणि स्केल एकदम करते:

१. रिकाम्या जागेत खऱ्या लांबीची आडवी रेष काढा, समजा २४,०००.

२. ‘एएल’ टाइप करून इमेज निवडा.

३. इमेजवरचे ग्रिडचे डावे टोक, मग रेषेचे डावे टोक. इमेजवरचे उजवे टोक, मग रेषेचे उजवे टोक. क्लिक करताना भरपूर झूम करा.

४. तिसरा बिंदू न देता एंटर. स्केल करायचे का, या प्रश्नाला हो.

आता आडवे माप बसले. लगेच उभे माप मोजा. कागद ओलाव्याने एका दिशेने जास्त ताणतो, आणि कागद ओढून घेणारे स्कॅनर सरकण्याच्या दिशेत थोडे चुकतात, म्हणून आडवे बरोबर आणि उभे एक टक्का कमी, असे सर्रास होते. फरक नगण्य नसेल तर दोन दिशांना दोन गुणक लावावे लागतात. रेव्हिटमध्ये इमेजच्या गुणांतली लॉक प्रपोर्शन्सची खूण काढून रुंदी आणि उंची वेगवेगळी टाइप करा; स्केचअपमध्ये स्केल टूलचे बाजूचे हँडल ओढा; ऑटोकॅडमध्ये इमेजचा ब्लॉक करून एक्स आणि वाय स्केल वेगळे द्या. दोन्ही कर्ण सारखे नाहीत, म्हणजे चौकटीचा समांतरभुज झाला, तर गुणकांनी भागणार नाही. पुन्हा सपाट स्कॅन करा.

मोबाइलने काढलेला फोटो हा स्केलचा विषयच नाही. त्यात जवळची बाजू मोठी आणि दूरची लहान असते, आणि एका गुणकाने दोन्ही सुधारत नाहीत. पर्स्पेक्टिव्ह सरळ करणाऱ्या प्रोग्रॅममधून आधी काढा, आणि तरीही त्याला फक्त खोल्यांची मांडणी समजून घेण्यापुरते माना.

स्कॅनवरून काढताना नियम एक: लिहिलेले माप आणि मोजलेले माप यांत तंटा झाला तर लिहिलेले जिंकते. भिंती चित्रावर गिरवत बसू नका. चित्र खाली ठेवा, पण आकडे टाइप करा. खोल्यांच्या मापांची बेरीज भिंतींच्या जाडीसकट एकूण लांबीशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर कुठला तरी आकडा जुना आहे, आणि तो ड्रॉइंग देणाऱ्यालाच विचारावा लागतो.

सर्व्हेची ड्रॉइंग आणि दूरचे कोऑर्डिनेट

सर्व्हेअर मीटरमध्ये आणि खऱ्या जागेच्या कोऑर्डिनेटवर काम करतो, त्यामुळे प्लॉट मूळबिंदूपासून शेकडो किलोमीटर दूर असतो. हे मिलिमीटरमध्ये आणले की कोट्यवधींतले आकडे तयार होतात. लक्षणे ठरलेली: वर्तुळे खडबडीत, हॅच भरत नाही, स्नॅप थरथरतो, स्केचअपमध्ये फिरवताना कडा नाहीशा होतात. लोक याला स्केलची चूक समजून पुन्हा गुणायला लागतात. स्केल ठीक असते, अंतर जास्त असते. रेव्हिट तर आंतरिक मूळबिंदूपासून १६ किमीच्या आतच भूमिती ठेवा असे सांगते. तिथे अशी फाइल सेंटर-टू-सेंटरने लिंक करा आणि नंतर ॲक्वायर कोऑर्डिनेट्सने खरा पत्ता घ्या. स्केचअपसाठी प्रत करून प्लॉटचा एक कोपरा ०,० वर आणा आणि किती सरकवले तो आकडा फाइलीतच लिहून ठेवा.

फुटांतल्या सर्व्हेत एक बारीक खाच आहे. आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटरचा, तर अमेरिकेतला सर्व्हे फूट १२००/३९३७ मीटरचा. फरक दहा लाखांत दोन भाग. शंभर मीटरच्या इमारतीत तो ०.२ मिमी, म्हणजे काहीच नाही. पण २० लाख फुटांच्या कोऑर्डिनेटवर तो ४ फूट होतो आणि इमारत शेजारच्या हद्दीत सरकते. अमेरिकेत हा सर्व्हे फूट २०२२ अखेर अधिकृत वापरातून काढला गेला, तरी जुन्या फाइली आहेतच. दोन सर्व्हे काही फुटांनी सरकलेले पण आकाराने तंतोतंत सारखे दिसले, तर आधी हाच संशय घ्या.

काम सुरू करण्याआधीची मोजणी

तीन मापे मोजा: एक लांब आडवे, एक लांब उभे, आणि ज्यावरून स्केल बसवले नाही असे प्लॅनच्या दुसऱ्या टोकाचे एखादे. तिसरे महत्त्वाचे, कारण ज्या मापावरून स्केल बसवले ते बरोबर येणारच. त्याने काही सिद्ध होत नाही. मूळ फाइल थेट कॅडची असेल तर तिन्ही अगदी शून्य फरकाने जुळायला हवीत. २ मिमीचा फरकही असेल तर तो गोलाईचा म्हणून सोडू नका, कारण कॅड ते कॅड प्रवासात गोलाई होत नाही. पीडीएफला ५ मिमीपर्यंत आणि स्कॅनला २० ते ३० मिमीपर्यंत सूट द्यायला हरकत नाही, १:१०० च्या हिशेबाने.

जुळले की लेयर लॉक करा किंवा पिन लावा, आणि फाइलच्या नावात युनिट आणि तारीख घाला. सुधारित ड्रॉइंग आल्यावर रीलोड करताना हीच तीन मापे पुन्हा मोजा. पाठवणाऱ्याने मधल्या काळात टेम्प्लेट बदलले असेल, तर मीटरची फाइल त्याच नावाने मिलिमीटरमध्ये येते. तुम्ही हाताने निवडलेले युनिट मात्र लिंकमध्ये जुनेच राहते, त्यामुळे नवा प्लॅन हजारपट मोठा येतो. अशा वेळी लिंकच्या टाइपमधले युनिट बदला. भिंतींना हात लावू नका.